जिमनीवर तंबू चढवण्याआधी गाडी काट्यावर चढवा

आपल्या प्रश्नाचा सारांश असा : पुण्यात राहणारे आपण दोघे आणि दहा वर्षांची मुलगी, हाती पाच दरवाज्यांची मारुती जिमनी, शनिवार-रविवारी सह्याद्रीत किंवा कोकणात मुक्काम करायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात स्पितीला जायचे. त्यासाठी पुढे-मागे पोलादी बंपर, विंच (अडकलेली गाडी तारेने ओढून काढणारे यंत्र), छपरावर कॅरियर आणि त्यावर उघडणारा तंबू, दोन इंचांची लिफ्ट (उंच स्प्रिंगा घालून गाडी उचलणे) आणि २३५/७५ आर १५ मापाचे टायर अशी यादी आपण केली आहे आणि सुरुवात कशापासून करावी, असे विचारले आहे. सुरुवात वजनकाट्यापासून करावी, असे माझे उत्तर आहे. आणि काट्यावरून उतरल्यावर यादीतल्या बहुतेक वस्तू आपण स्वतःच खोडाल, असा माझा अंदाज आहे.

जिमनीचे रिकामे वजन, म्हणजे इंधन आणि तेलपाण्यासह पण माणसांशिवायचे वजन, सुमारे १,२१० किलो आहे आणि उत्पादकाने ठरवून दिलेले कमाल एकूण वजन १,५४५ किलो आहे. या दोन आकड्यांतला फरक ३३५ किलोंचा, आणि माणसे, सामान, पाणी आणि नंतर बसवलेला प्रत्येक बोल्ट या सगळ्यांना मिळून तेवढीच जागा आहे. आपल्या तिघांचे वजन १६५ किलो धरले तर उरतात १७० किलो. आता आपली यादी मांडून पाहू. पुढचा पोलादी बंपर ४० किलो, विंच ३० किलो, मागचा बंपर ३० किलो, कॅरियर २५ किलो आणि दोघा-तिघांचा छतावरचा तंबू ५५ किलो. बाजारातल्या वस्तूंत थोडाफार फरक असतो, परंतु हे आकडे फुगवलेले नाहीत. बेरीज १८० किलो होते, म्हणजे पाण्याचा एकही कॅन, एकही अंथरूण आणि मुलीची एकही पिशवी ठेवण्यापूर्वीच गाडी मर्यादेच्या बाहेर गेलेली असते. महामार्गालगत मालमोटारींसाठी जे वजनकाटे असतात तिथे थोड्या पैशात छापील पावती मिळते. तिथे आधी रिकामी गाडी आणि नंतर नेहमीच्या सहलीच्या सामानासह, तिघे आत बसून, गाडी तोलून घ्या. शक्य असल्यास फक्त मागची चाके काट्यावर ठेवून मागच्या अ‍ॅक्सलवरचा भारही मोजा, कारण सहलीचे जवळजवळ सगळे सामान तिथेच येऊन पडते.

मर्यादा थोडी ओलांडली तर गाडी मोडून पडत नाही, हे खरे आहे; म्हणूनच लोक ती मनावर घेत नाहीत. परंतु जिमनीला मागे ड्रम ब्रेक आहेत आणि तिचे पेट्रोल इंजिन १०५ पीएस शक्तीचे आणि १३४ न्यूटन-मीटर टॉर्कचे आहे. ताम्हिणी किंवा आंबेनळी उतरताना जास्तीचे दीडशे किलो ब्रेकवर येतात आणि चढताना क्लचवर. स्प्रिंगा बदलल्याने भार वाहण्याची अधिकृत मर्यादा वाढते, हाही गैरसमज आहे. स्प्रिंगा गाडीचे बूड वर उचलून धरतात, ब्रेक, अ‍ॅक्सल आणि चेसिस मात्र पूर्वीचेच राहतात.

छतावरच्या तंबूबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण सर्वाधिक आग्रह त्याचाच असतो. छपराची भारक्षमता दोन प्रकारची असते : गाडी उभी असतानाची आणि धावतानाची. उभ्या गाडीचे छप्पर तंबू आणि आत झोपलेली माणसे सहज पेलते. प्रश्न धावत्या गाडीचा असतो. परदेशात विकल्या जाणाऱ्या तीन दरवाज्यांच्या जिमनीला ही धावतानाची मर्यादा ३० किलो दिलेली आहे. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा स्वतः वाचून घ्या आणि त्यातून कॅरियरचे वजनही वजा करा. शिवाय जिमनी अरुंद आणि उंच आहे. तिच्या माथ्यावर ऐंशी किलो ठेवून लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर एका बाजूला कललेल्या दगडांवरून जाताना जो झोल येतो, तो चालकाच्या कौशल्याने कमी होत नाही. थारसारख्या रुंद, जड आणि अधिक ताकदीच्या गाडीवर मी असा तंबू बसवण्यास हरकत घेणार नाही. आपल्या गाडीवर घेतो. चांगल्या प्रतीचा जमिनीवरचा तंबू सात-आठ किलोंत येतो, त्यात तिघे ऐसपैस झोपतात आणि तो लावून ठेवून गाडी घेऊन दूध आणायला गावात जाता येते, ही सोय छतावरच्या तंबूत नाही. पाऊस-वाऱ्यासाठी त्यावर तीन बाय चार मीटरची ताडपत्री दोन खांबांवर ताणून बांधली की स्वयंपाकालाही आडोसा होतो.

खर्च करायचाच असेल तर तो पहिल्यांदा टायरवर करा. मूळ टायर १९५/८० आर १५ मापाचे, म्हणजे सुमारे ६९३ मिलिमीटर व्यासाचे आहेत. आपण सुचवलेल्या २३५/७५ मापाचा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर होतो. यातून गाडीची उंची प्रत्यक्षात वाढते ती फक्त २० मिलिमीटरने, कारण व्यासातला निम्माच फरक अ‍ॅक्सलखाली येतो. त्याबदल्यात गिअरिंग जवळपास सहा टक्क्यांनी लांबते, घाटात दुसऱ्या गिअरवर निघणारी चढण पहिल्यावर येते, स्पीडोमीटर ताशी १०० दाखवतो तेव्हा खरा वेग १०५ च्या पुढे असतो आणि वळताना टायर आतल्या भागांना घासण्याची शक्यता निर्माण होते. २१५/७५ आर १५ मापात ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या नक्षीचे टायर घेतले तर व्यास जेमतेम दीड टक्क्याने वाढतो, पकड आणि बाजूच्या भिंतीची मजबुती मात्र स्पष्ट सुधारते. भारनिर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा त्यावरचा आकडा, मूळ टायरच्या ९६ पेक्षा कमी असता कामा नये. जाड ठोकळ्यांच्या मड-टेरेन टायरांचा मोह टाळा. ओल्या डांबरी घाटात ते लांबवर घसरत थांबतात आणि आपला नव्वद टक्के प्रवास डांबरावरच होणार आहे. मापातला कोणताही बदल करण्यापूर्वी तो विमा आणि नोंदणीच्या दृष्टीने चालतो का, हे लेखी विचारून घ्यावे. स्टेपनीही त्याच मापाची हवी. ती मागच्या दारावर टांगलेली असल्याने जड चाकाचा भार दाराच्या बिजागऱ्यांवर येतो, म्हणून त्याच दारावर शिडी आणि पेट्रोलचा डबा लटकवण्याची जी पद्धत रूढ होत आहे ती मला मुळीच पटत नाही.

टायरइतकाच महत्त्वाचा आहे त्यातला हवेचा दाब, आणि हा बदल जवळजवळ फुकट होतो. चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेला दाब डांबरी रस्त्यासाठी आहे. दगडगोट्यांच्या वाटेवर तो १८-२० पीएसआयपर्यंत उतरवला की टायर दगडाभोवती वाकतो, पकड वाढते, गाडी कमी उसळते आणि टायर फाटण्याची शक्यता घटते. भुसभुशीत वाळूत १५ पर्यंत जाता येते. मात्र वेग ताशी २५-३० किलोमीटरच्या आत ठेवायचा, झटकन वळायचे नाही आणि डांबरावर परतण्याआधी हवा भरायची. त्यासाठी थेट बॅटरीच्या टर्मिनलला जोडता येणारा चांगला कॉम्प्रेसर, दाबमापक आणि ट्यूबलेस पंक्चरचा संच घ्या. देशावरच्या काळ्या मातीत, विशेषतः पहिल्या पावसानंतरच्या पाणंदीत, हवा उतरवूनही उपयोग होत नाही. ती माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो. तिथे न जाणे हाच उपाय. वाळूचा उल्लेख आला म्हणून सांगतो, गोव्यात आणि कोकणातल्या बहुतेक किनाऱ्यांवर गाडी घालण्यास मनाई आहे, त्यावरून गुन्हे दाखल होतात आणि भरतीत अडकलेल्या गाडीची भरपाई विमा कंपनीकडून मिळवणे सोपे नसते.

अडकलेली गाडी काढण्याच्या सामानात विंच मी आपल्यासाठी शेवटी ठेवतो. दुसऱ्या एखाद्या गाडीच्या सोबतीने जाण्याचा नियम पाळला तर तिची गरज क्वचित पडते. जिमनीला पुढे-मागे ओढण्यासाठी हुक दिलेले आहेत; ते चेसिसला नीट बसले आहेत ना आणि गंजलेले नाहीत ना, हे गाडीखाली जाऊन पाहावे. ताणला जाणारा कायनेटिक दोर, तो हुकाला जोडणाऱ्या मऊ दोराच्या दोन कड्या (शॅकल), चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या, घडीचे फावडे आणि जाड हातमोजे एवढा संच पंधरा किलोंच्या आत बसतो. दोराची तुटण्याची क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. चाकाखाली फावडे मारणे आणि हवा उतरवणे हे दोर काढण्याच्या आधीचे काम आहे. बहुतेक वेळा तेवढ्यावर गाडी निघते. ट्रेलर जोडण्यासाठी गाडीमागे असलेल्या गोळ्याला दोर अडकवून झटका कधीही देऊ नये. तो गोळा तुटून काचेतून आत आल्याने माणसे दगावली आहेत. दोर ताणलेला असताना बघ्यांनी त्याच्या लांबीच्या दीडपट दूर उभे राहावे, आणि आपल्याकडे बघे जमतातच, त्यामुळे एका माणसाला हेच काम द्यावे.

आता लिफ्टविषयी. जिमनीला पुढे आणि मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंगा आहेत. उंच स्प्रिंगा घातल्या की तीन गोष्टी एकदम बदलतात. एक, पॅनहार्ड रॉड म्हणजे चाकांची जोडी आडवी सरकू न देणारा दांडा; त्याचे एक टोक चेसिसला आणि दुसरे अ‍ॅक्सलला असल्यामुळे गाडी उचलली की अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. दोन, पुढचा अ‍ॅक्सल किंचित फिरून कॅस्टर कोन कमी होतो, त्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, आणि ऐंशीच्या पुढे गाडी भरकटल्यासारखी वाटते किंवा खड्ड्यानंतर स्टिअरिंग थरथरते. तीन, चाक पूर्ण खाली लोंबते तेव्हा ब्रेकचे पाइप ताणले जातात. म्हणजे दोन इंचांची लिफ्ट नीट करायची तर लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड, कॅस्टर सुधारणारे बुश, लांब ब्रेक पाइप, जुळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि शेवटी व्हील अलाइनमेंट हे सगळे करावे लागते. नुसते स्पेसर (स्प्रिंगांना उंची देणारे ठोकळे) घालून दुपारी गाडी परत देणाऱ्या गॅरेजपासून दूर राहा. मूळ गाडीला २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, ३६ अंशांचा पुढचा कोन (चढाला बंपर न टेकता चाक लागण्याचा कोन) आणि लो-रेंज (हळू पण जोरात चालवणारे जादा गिअर) मिळते. आपण सांगितलेल्या ठिकाणांसाठी हे पुरेसे आहे. आपला खरा प्रश्न उंचीचा नसून भरलेल्या गाडीचे बूड बसण्याचा आहे. त्यासाठी मूळ उंचीच्याच पण मागे थोड्या ताठ स्प्रिंगा आणि चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर घ्यावेत. सहली महिन्यातून एखादीच असेल तर मागच्या स्प्रिंगांच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्याही चालतात. एरवी शहरात त्यातली हवा कमी करून गाडी पूर्वीसारखी मऊ ठेवता येते.

पावसाळ्यातल्या ओढ्यांसाठी स्नॉर्केल बसवावा का, असेही आपण विचारले आहे. स्नॉर्केल इंजिनच्या हवेची वाट तेवढी उंच करतो. पाणी अनेकदा दुसरीकडूनच शिरते : चालून तापलेला डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना शक्ती वाटून देणारा गिअरचा डबा) थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून) पाणी आत ओढले जाते. म्हणून अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर लांब नळीने इंजिनच्या कप्प्यात उंचावर नेणे हे स्वस्त आणि अधिक उपयोगी काम आहे. पाण्यातून गेल्यावर डिफरन्शियलचे तेल दुधाळ दिसले तर ते त्याच आठवड्यात बदला. गुडघ्याच्या वर असलेल्या किंवा गढूळ होऊन वाहणाऱ्या पाण्यात गाडी घालूच नये. हलकी गाडी तरंगून सरकायला फार खोल पाणी लागत नाही.

विजेच्या बाबतीत लोक गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवतात. ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज एप्रिलच्या उष्म्यात दिवसाला साधारण ३० अ‍ॅम्पिअर-तास, म्हणजे सुमारे ३६० वॅट-तास घेतो. दिवे आणि फोन मिळून फार तर साठ-सत्तर. १०० अ‍ॅम्पिअर-तासांच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत सुमारे १,२८० वॅट-तास असतात आणि ती बारा-तेरा किलोंची असते. त्याच क्षमतेची लेड-अ‍ॅसिड बॅटरी अठ्ठावीस-तीस किलोंची होते आणि तिचा निम्माच साठा निर्धास्तपणे वापरता येतो. परंतु दुसरी बॅटरी म्हणजे गाडीच्या विजेवर ती भरणारा डीसी-डीसी चार्जर, जाड केबल, बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवलेले फ्यूज आणि गाडीच्या मूळ वायरिंगला हात लावणे हे सगळे आले. बदल केलेल्या गाड्यांना आग लागण्याच्या घटनांत फ्यूजशिवाय ओढलेली वायर हे नेहमीचे कारण असते, आणि वायरिंगमुळे झालेला बिघाड वॉरंटीतून वगळला जातो. दोन रात्रींच्या सहलीसाठी ५०० वॅट-तासांच्या आसपासचे सुटे पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारी बॅटरीपेटी) घ्या, ते घरी भरा आणि प्रवासात १२ व्होल्टच्या सॉकेटवर लावा. त्या सॉकेटमधून १०० वॅटच्या आसपासच वीज मिळते, तरी पुणे ते दापोली एवढ्या प्रवासात बरीच भर पडते. फ्रिज आणि आतला माल आदल्या रात्री घरीच गार करून घेतला तर खप आणखी कमी होतो. खरे सांगायचे तर दोन रात्रींसाठी फ्रिजऐवजी चांगल्या जाड भिंतींची बर्फपेटीही पुरते, आणि कोकणात मासळी बंदरांजवळ बर्फाचे कारखाने असल्यामुळे लादीचा तुकडा सहज मिळतो.

सामान मांडण्यासाठी प्लायवूडचे खणांचे कपाट करू नका. ते एकटेच तीस किलो खाते. मागच्या सीटचा अर्धा भाग दुमडून मुलीच्या शेजारी सामान येणार आहे, म्हणून झाकणाचे प्लॅस्टिक क्रेट रॅचेट पट्ट्यांनी जमिनीच्या कड्यांना घट्ट बांधा आणि मध्ये मजबूत जाळी लावा. वीस किलोंचा सुटा डबा अपघातात कसा वागतो, याची कल्पना करून पट्टे आवळावेत. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरा, कॅन पुढच्या सीटच्या पाठीशी आणि खाली ठेवा. टायरचे जास्तीचे वजन, ओढण्याचा संच, कॉम्प्रेसर, हत्यारे, तंबू-अंथरुणे, ३० लिटर पाणी, शेगडी, शिधा, पॉवर स्टेशन, भरलेली बर्फपेटी आणि कपडे असे सगळे मिळून १६० किलोंच्या आसपास होते, म्हणजे आपल्या १७० किलोंत ते जेमतेम बसते.

कायद्याची बाजू थोडक्यात पण गांभीर्याने मांडतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या केरळच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढच्या पोलादी गार्डांवर कारवाई करण्याचे निर्देश केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिले आहेत, आणि त्यामागचे कारण योग्य आहे. मूळ बंपर धडक शोषून घेतो आणि त्या धडकेच्या मोजमापावर एअरबॅगची वेळ ठरते. पोलादी बंपर हे गणित बिघडवतो आणि पादचाऱ्याला अधिक इजा करतो. माझ्या मते आपल्या यादीतून सर्वात आधी जायला हवी ती हीच वस्तू. जे विद्युत सामान आपण कायमचे बसवाल त्याची बिले विमा कंपनीला देऊन आयएमटी-२४ या जोडकलमाखाली नोंद करून घ्या. मुक्कामाच्या जागेचेही तसेच : कोयना किंवा राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत आणि कास पठारावर मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, खासगी माळावर मालकाला विचारूनच थांबावे.

स्पितीसाठी यात फारशी भर घालावी लागत नाही. २३० ग्रॅमच्या ब्यूटेन कॅनवर चालणारी शेगडी कोकणात उत्तम असते, परंतु ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणेच थांबवतो, म्हणून थंडीसाठी प्रोपेनमिश्रित कॅन किंवा पाच किलोंचे छोटे घरगुती सिलिंडर आणि साधी शेगडी न्यावी. शेगडी, कोळसा किंवा हीटर तंबूत अथवा बंद गाडीत कधीही पेटता ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये, त्यामुळे पॉवर स्टेशन रात्री तंबूत पांघरुणापाशी ठेवा. पेट्रोलची टाकी ४० लिटरची आहे आणि भरलेल्या गाडीत, चढणीवर, उंचीवर लिटरला दहा किलोमीटर धरून चालावे. काझा येथे पंप आहे, त्यामुळे रामपूर किंवा मनालीकडून निघताना टाकी पूर्ण भरली तर सुटा डबा लागत नाही. लेहपर्यंत जाण्याचा बेत झाला तर मात्र त्या वाटेवरच्या तांडीच्या पंपावर टाकीसोबत दहा लिटरचा पोलादी जेरीकॅनही भरून घ्या आणि त्याचे वजन त्या १७० किलोंतूनच वजा करा.